पाचूबंदरचा शाफ्ट

कोल्हापुरात माझ्या ओळखीच्या लोकांना वसई म्हणजे किल्ला आणि केळी, एवढंच ठाऊक असतं. मी तिथे चार वर्षं काढली आहेत असं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात. आयटीआय करून एकोणिसाव्या वर्षी मी वसईच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणून लागलो आणि तेविसाव्या वर्षी पुण्यातल्या नोकरीसाठी निघालो. मग डिप्लोमा, लग्न, मुलं, उद्यमनगरातला स्वतःचा छोटा धंदा. सव्वीस वर्षं तिकडे पाय ठेवला नाही. का, ते मलाही या डिसेंबरपर्यंत नीट माहीत नव्हतं.

जाण्याचं कारण कामाचं होतं. ज्या वर्कशॉपमध्ये मी होतो, तिथल्या शेठचा मुलगा नितीन आता कारभार बघतो. माझ्या वेळी तो शाळेचं दप्तर घेऊन वडिलांच्या टेबलाखाली बसायचा. त्यानं लेझरनं धातू चढवायचं यंत्र घेतलंय. झिजलेल्या भागावर लेझरचा झोत पडतो, धातू वितळतो, त्याच वेळी नोझलमधून बारीक पावडर त्यात सोडली जाते आणि थरावर थर चढत जातो. माझा धंदा या प्रकाशावर नजर ठेवायचा. वितळलेल्या धातूच्या वर जी छोटीशी ज्योत उठते, तिचा उजेड काचेच्या तंतूतून एका डबीत नेतो. डबी तो उजेड रंगांमध्ये पसरवते आणि पडद्यावर रेषा उमटतात. गॅसवर मीठ सांडलं की ज्योत पिवळी होते ना, तसंच. प्रत्येक धातूच्या आपापल्या रेषा. कुठल्या रेषा दिसतात त्यावरून आत काय जळतंय ते कळतं.

नितीननं फोनवर सांगितलं होतं, "दादा, एक शाफ्ट सारखा तडकतोय. तुमची डबी घेऊन या. काम झालं तर कायमची बसवू."

सोमवार, वालीव

वर्कशॉप वसईच्या पूर्वेला वालीवमध्येच आहे, पण मी रिक्षातून दोनदा त्याच्यासमोरून गेलो आणि ओळखलं नाही. पत्र्याच्या शेडच्या जागी दुमजली इमारत उभी आहे. आम्ही ज्या चिंचेखाली डबे खायचो तिथे आता जनरेटर आहे. आत शिरल्यावर मात्र तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा तोच वास आला, आणि मी दारातच क्षणभर थांबलो. कोपऱ्यातलं धातू कातायचं जुनं लेथही तसंच होतं. त्याच्या चाकाची मूठ अजून एका बाजूला वाकडी होती. ती वाकडी माझ्याच हातून झाली होती, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

लेझरचं यंत्र काचेच्या खिडकीच्या केबिनमध्ये होतं. ते फिलोमिना चालवते. वय पस्तिशीच्या आसपास, नंदाखाल गावची, रोज स्कूटरवरून येते. मोजकं बोलते. मी डबी जोडत असताना तिनं तंतू कुठून घ्यायचा, भिंग किती अंतरावर, एवढंच विचारलं आणि लगेच तिच्या वहीत चित्र काढून घेतलं. वर्कशॉपमध्ये बाई म्हणून ती एकटीच. नितीननं मला आल्याआल्या बाजूला घेऊन सांगितलं की शाफ्ट तीनदा तडकलाय, तिन्ही वेळा तिच्या हातून, आणि बर्फवाले गिऱ्हाईक नाताळच्या आत शाफ्ट मागतायत.

शाफ्ट बर्फ फोडायच्या यंत्राचा होता. मासेमारीच्या बोटींना बर्फाचा चुरा लागतो. लाद्या आत टाकायच्या, आतला काटेरी ड्रम त्या फोडतो, आणि तो ड्रम या शाफ्टवर फिरतो. बेअरिंगची जागा झिजली होती. तिथे लेझरनं थर चढवला की पुलीच्या बाजूला, बरोबर एकाच ठिकाणी, केसाएवढी भेग पडायची.

आम्ही चौथ्यांदा थर चढवला. शाफ्ट संथ फिरत होता, खिडकीतून निळसर ठिणगी दिसत होती. मी पडद्यावर तीनच गोष्टी लावून ठेवल्या होत्या: लोखंड, क्रोमियम आणि तांबं. तांबं एवढ्यासाठी की नोझल तांब्याचं असतं. नोझल फार जवळ आलं तर त्याचं टोक वितळतं, तांब्याचा थेंब आत पडतो आणि पोलाद त्या जागी तडकतं. पहिले काही फेरे सगळं शांत होतं. मग शाफ्टची ती ठरावीक जागा आली आणि हिरव्या भागात तांब्याच्या तीन रेषा टरारून वर आल्या. पुढच्या फेऱ्याला पुन्हा त्याच जागी.

"तांबं," मी म्हणालो.

नितीननं विचारलं, "म्हणजे नोझल?"

मी म्हणालो, बहुतेक तेच. शाफ्ट त्या जागी जरा बाहेर फेकत असेल, अंतर कमी होत असेल, अंतर नीट ठेवलं गेलं नसेल. हे सगळं मी अशा आवाजात सांगितलं की जणू मी तिथे तीन आठवडे बसून होतो. फिलोमिनानं नोझल काढून माझ्या हातात दिलं. टोक स्वच्छ होतं. तिनं म्हटलं, अंतर ती दर वेळी पट्टीनं मोजते. मी नोझल उजेडात फिरवून पाहिलं आणि म्हणालो की एवढंसं वितळलं तर डोळ्याला दिसत नाही.

नितीननं फार आरडाओरडा केला नाही. त्यानं एवढंच सांगितलं की उद्यापासून तिनं पॅकिंगला बसावं, यंत्रावर तो भोसरीहून माणूस मागवतो. फिलोमिनानं वही बंद केली, हातमोजे काढून ट्रेमध्ये ठेवले आणि निघून गेली. डबीनं पहिल्याच दिवशी चूक पकडली म्हणून नितीन खूश होता. मीही होतो.

सोमवार संध्याकाळ, गिरीज

वसईत असताना मी गिरीजला पास्कल मिस्त्रींच्या वाडीत एका खोलीत राहायचो. वर्कशॉपमधले ते मुख्य मिस्त्री, आणि मला हातात वेल्डिंगचा होल्डर धरायला त्यांनीच शिकवलं. पत्र लिहीन म्हणून गेलो आणि पहिल्या दोन पत्रांनंतर थांबलो. सोमवारी काम लवकर संपलं तेव्हा मी सरळ गिरीजची वाट धरली.

रिक्षावाला पत्ता विचारत होता आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, चर्चपाशी सोड, पुढचं मी बघतो. पण चर्च दुसरंच निघालं. मग मी आठवणीतल्या पायवाटेनं चालत सुटलो आणि एका इमारतीच्या पार्किंगमध्ये जाऊन पोचलो. वॉचमन हिंदीत विचारू लागला, किसके यहाँ? मी त्याला सांगत होतो की इथे बावखल होतं, शेताला पाणी द्यायचं तळं, आणि आम्ही त्यात पोहायचो. त्यानं मला खुर्ची दिली. शेवटी भाजीची टोपली घेऊन चाललेल्या एका बाईंनी मला पास्कल मिस्त्रींच्या फाटकापर्यंत आणून सोडलं.

फाटकाच्या आत मात्र सगळं होतं तसंच होतं. नारळ, केळी, अळूची रांग, ओल्या मातीचा गारवा. ओट्यावर चांदणीचा आकाशकंदील अर्धवट बांधून ठेवलेला. मिस्त्री खुर्चीत बसले होते. मी दहा पावलांवर आलो तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना दिसत नाही.

मी म्हटलं, "मिस्त्री, सुहास."

त्यांनी मान माझ्या दिशेला वळवली. मग म्हणाले, "बारीक होतास. आवाजावरून आता जाड वाटतोस."

त्यांच्या पत्नी मार्था मावशी आतून आल्या आणि माझे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. त्यांनी रागावून एक शब्दही काढला नाही, त्यामुळे मला जास्त लाजल्यासारखं झालं. जेवायला बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. कोल्हापुरात पाहुण्याला पहिला घास घ्यायच्या आतच "आणखी वाढू का" सुरू होतं. इथे कुणी आग्रह करत नाही, पण ताट रिकामंही होऊ देत नाहीत. शेवटी मावशींनी सुकेळी काढली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून पानात गुंडाळलेली. या वाडीतल्या पहिल्या हिवाळ्यात मी अशी आठ सुकेळी एका बैठकीत खाल्ली होती आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकलो नव्हतो. मावशींना ते आठवत होतं. मिस्त्री हसले, आणि मला त्यांचं जुनं हसू पुन्हा दिसलं.

मिस्त्रींनी कामाचं विचारलं. लेझर, पावडर, रेषा, सगळं त्यांनी बारकाईनं विचारून घेतलं. मिठाची गोष्ट सांगितल्यावर म्हणाले, आम्हीही रंगच बघायचो, फक्त आमच्याकडे डबी नव्हती. मग मी शाफ्टचं सांगितलं.

"कुठल्या बर्फाचा?" त्यांनी विचारलं.

नितीन नुसतं बर्फवाले म्हणाला होता. मी म्हटलं, किनाऱ्यावरचाच असेल.

"पाचूबंदरचा, रोझीकडचा असणार. दुसरीकडे आता नवी यंत्रं आहेत." मग त्यांनी विचारलं, "भेग कुठल्या बाजूला?"

"पुलीच्या."

त्यांनी ताटातला हात थांबवला. मी निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "उद्या पुन्हा एकदा नीट बघ."

मुक्कामाच्या खोलीवर परतेपर्यंत मला सगळं आठवलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वीचा तो दिवस. पुण्याची मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी होती. दुपारी हाच शाफ्ट आला, पुलीच्या बाजूला खोल भेग. मिस्त्रींनी सांगितलं होतं की भेग संपेपर्यंत घासून काढ आणि मग एकेक थर देत भरून घे. ते दिवसभराचं काम होतं आणि माझी बस संध्याकाळी होती. एवढं सांगून मिस्त्री बाहेर साइटवर गेले होते. मी अर्धवट घासलं, खाच पितळेनं भरली, वरून पोलादाचे दोन थर दिले आणि लेथवर साफ केलं. वरून कुणालाही कळलं नसतं. शाफ्ट टेम्पोत चढवला आणि मी बस पकडली. ती नोकरी मला मिळाली. त्या नोकरीवरच माझं पुढचं सगळं उभं राहिलं.

मंगळवार, वालीव

सकाळी आठला मी एकटाच वर्कशॉपमध्ये गेलो. डबी सगळा वर्णपट साठवून ठेवते. पडद्यावर मात्र आपण सांगू तेवढंच दाखवते. मी तिला फक्त तीन धातू दाखवायला सांगितलं होतं. आता सगळं उघडलं. तांब्याच्या हिरव्या रेषा होत्याच. त्यांच्या अलीकडे, निळ्या भागात, आणखी तीन रेषा उभ्या होत्या. जस्ताच्या.

नोझल शुद्ध तांब्याचं असतं, त्यात जस्त नसतं. पावडरमध्येही नसतं. तांबं आणि जस्त एकाच जागी, एकाच वेळी दिसलं तर ते पितळ. वरचा पोलादाचा थर इतक्या वर्षांत झिजून, पुन्हा पुन्हा कातून पातळ झाला होता. लेझर त्याच्या खाली पोचत होता आणि माझं पितळ उकळून वर येत होतं.

मी खुर्चीत बसून राहिलो. खरं सांगायचं तर गप्प बसायचा विचार माझ्या मनात आला, आणि तो लगेच गेलाही नाही. मी असं म्हणू शकलो असतो की कुणीतरी कधीतरी पितळ भरलं असावं. तेही खोटं नव्हतं. फिलोमिना सुटली असती, माझी डबी विकली गेली असती आणि मी बुधवारी सकाळी गाडीत बसलो असतो. पण पॅकिंगच्या टेबलाशी ती येऊन बसली, खोक्यावर पट्टी चिकटवायला लागली, आणि मला काल मी बोलत होतो तो माझा आवाज आठवला.

नितीन आल्यावर मी दोघांनाही केबिनजवळ बोलावलं. आधी रेषा दाखवल्या. मग म्हणालो, "हे पितळ मीच भरलंय. सव्वीस वर्षांपूर्वी. पुण्याला जायच्या दिवशी."

नितीनला पहिल्यांदा वाटलं की मी गंमत करतोय. मग त्यानं शाफ्ट लेथवर चढवायला लावला. आणखी थोडं कातलं तसं करड्या पोलादात एक पिवळी रेघ उघडी पडली, बोटाएवढी लांब. नितीननं वाकून त्या रेघेवरून नख फिरवलं. म्हणाला, "पप्पा असते तर तुम्हाला काय बोलले असते माहीत नाही."

मी फिलोमिनाची माफी मागितली. मग तिनं विचारलं, "सर, काल तुम्ही नोझल म्हणालात, तेव्हा तुम्हाला खात्री होती?"

मी म्हटलं, होती.

"तेच मला रात्रभर टोचत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला खात्री होती आणि माझ्याकडे फक्त माझी वही होती. दीर म्हणाले, सोड आता, बायकांचं काम नाही ते. मी पण विचार करायला लागले होते की माझंच चुकत असेल."

नितीननं तिला पुन्हा यंत्रावर बसायला सांगितलं. तिनं अट घातली: पडद्यावर काय दाखवायचं आणि काय नाही, हे यापुढे तिला विचारून ठरेल. मी हो म्हटलं.

बुधवार, वालीव

सकाळी मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि ग्राइंडर हातात घेतला. नितीन म्हणाला, पोरं करतील, तुम्ही कशाला? मी करणार म्हटल्यावर त्यानं स्वतःचा ॲप्रन काढून दिला.

इतक्या वर्षांत मी स्वतः असं काम केलं नव्हतं. पहिल्या तासातच खांदा भरून आला. पितळ काढलं, त्याच्याखाली तांबं जिरलेलं काळपट पोलाद काढलं, आणि त्याच्याही खाली ती जुनी भेग होती, जी मी तेव्हा सोडून दिली होती. ती मी पुढे पुढे घासत गेलो. दर थोड्या वेळानं फिलोमिना भेगा दाखवणारा लाल रंग लावायची, पुसायची, वर पांढरा फवारा मारायची आणि आम्ही दोघं वाट बघायचो. लाल रेघ उमटली की पुन्हा घासायचं. चार वाजता पांढऱ्यावर लाल काहीच आलं नाही.

मग तिनं थर चढवायला घेतले. या वेळी पडद्यावर सगळा वर्णपट उघडा होता. ती एक डोळा शाफ्टवर आणि एक पडद्यावर ठेवून बसली होती. ती जागा आली, गेली. निळ्या भागात काही नाही, हिरव्यात काही नाही. पुन्हा आली, गेली. शेवटचा थर झाला. मग तिनं डब्यातल्या दोन पुरणपोळ्यांपैकी एक माझ्यासमोर ठेवली. तिच्या शेजारणीनं दिल्या होत्या. पोळीबरोबर आमच्याकडे दूध किंवा कटाची आमटी लागते. इथे तिनं सोबत केळं दिलं. मी निमूट खाल्लं आणि चांगलं लागलं.

गुरुवार, पाचूबंदर आणि गिरीज

शाफ्ट पोचवायला टेम्पोबरोबर मीच गेलो. पाचूबंदरला पोचलो तेव्हा ओहोटी होती. बोटी चिखलात कलंडल्या होत्या, बांबूंवर बोंबील वाळत होते आणि वाऱ्याला त्यांचाच वास होता. बर्फाचं यंत्र मिस्त्री म्हणाले होते त्या रोझी आत्या चालवतात. सत्तरीच्या, धिप्पाड, बोलणं सरळ. आठवडाभर त्या माणसं लावून लाद्या घणानं फोडून घेत होत्या आणि त्यामुळे वैतागल्या होत्या.

शाफ्ट बसवून यंत्र चालू केलं. पहिली लादी आत गेली आणि चुरा बाहेर पडला तशा त्या जरा निवळल्या. पाण्याचा तांब्या पुढे करत त्यांनी विचारलं की मी त्याच वर्कशॉपातला का. मी म्हटलं, पूर्वी होतो, पास्कल मिस्त्रींच्या हाताखाली.

"पास्कल?" त्या म्हणाल्या. "तो दर वर्साला यायचा इथं. सीझन चालू व्हायच्या आधी. सायकलवर, हातोडी घेऊन. या पुलीच्या बाजूला ठोकायचा नि कान लावून बसायचा. मी इचारायची, बाबा, कोन पाठवतो तुला? तर बोलायचा, कोनी नाही. पानी प्यायचा आनि जायचा."

मी विचारलं, किती वर्षं?

"डोले जाईपर्यंत."

टेम्पो परत पाठवून मी तिथूनच गिरीजला गेलो. मिस्त्री ओट्यावर होते आणि मावशी बाजारात गेल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसलो आणि शाफ्टचं सगळं सांगितलं, पितळेचंही. ते म्हणाले, माहीत होतं.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. साइटवरून आलो तर तुझे हातमोजे बाकावर पडले होते. त्यांच्यावर पांढरी भुकटी. पोलादाच्या कामाला पांढरं कुठून येईल? ते जस्ताचं."

मी विचारलं की मग त्यांनी सांगितलं का नाही. ते सावकाश बोलत होते. शाफ्ट गेला होता, यंत्र चालू झालं होतं. शेठला सांगावं तर तो माझ्या नव्या नोकरीच्या ठिकाणी फोन करणार. मला सांगावं तर मी नोकरी सोडून परत येणार.

"आलो असतो का, ते मला माहीत नाही, मिस्त्री," मी म्हणालो.

"आला असतास," ते म्हणाले. "म्हणून नाही सांगितलं. पहिल्या वर्षी जाऊन बघितलं, आवाज चांगला होता. दुसऱ्या वर्षी पण चांगला होता. फिरत्या यंत्राजवळ माणसं असतात, म्हणून जायला लागलं. मग सवय झाली."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या गुडघ्यांनी किती वर्षं सीझनच्या तोंडावर ती सायकल मारली असेल, ते मला मोजवेना. त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि विचारलं की लेझर चालताना आवाज येतो का.

शुक्रवार, वालीव

परतीची गाडी दुपारी होती. सकाळी मी रिक्षा घेऊन गिरीजला गेलो आणि मिस्त्रींना वर्कशॉपमध्ये आणलं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. नितीननं दारात येऊन त्यांच्या पायाला हात लावला. जुन्या लेथजवळ आल्यावर मिस्त्री आपोआप थांबले आणि त्यांनी चाकाची वाकडी मूठ हातानं चाचपली.

फिलोमिनानं त्यांना केबिनच्या बाहेर खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या शेजारी पडद्याचं टेबल ओढून घेतलं. तिनं एका तुकड्यावर थर चढवायला सुरुवात केली आणि पडद्यावर जे दिसत होतं ते त्यांना सांगत गेली: हे लोखंड, हे क्रोमियम, निळ्यात काही नाही, हिरव्यात काही नाही. ते मान एका बाजूला कलती ठेवून ऐकत होते. पत्र्यामागून येणारी लेझरची सरसर एकसारखी होती.

तुकड्याच्या पुढच्या टोकाला तिनं पितळेचा एक कीस मुद्दाम ठेवून दिला होता. त्याबद्दल तिनं आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. झोत तिथे पोचला, आतून बारीक तडतड झाली, आणि ती तोंड उघडणार इतक्यात मिस्त्री म्हणाले, "पितळ."

पडद्यावर तांब्याच्या आणि जस्ताच्या सहा रेषा उभ्या होत्या. फिलोमिनानं यंत्र थांबवलं, वही काढली आणि खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली. आवाज नेमका कसा बदलला, रेषा उमटायच्या आधी की नंतर, असं ती विचारत होती. ते सांगत होते, ती लिहून घेत होती. मधेच ते म्हणायचे, पुन्हा लाव, आणि ती उठून पुन्हा लावायची.

नितीन घड्याळाकडे बोट दाखवून मला खुणावत होता. मी मिस्त्रींना सांगितलं की निघतो. त्यांनी हात वर केला, पण त्यांचं लक्ष केबिनकडे होतं, म्हणून मी आणखी थांबलो नाही. मागे तडतड सुरू झाली तेव्हा मी रस्त्यावर आलो होतो.